बालवर्गातला सावलीचा आठवडा (आणि फसलेला मंगळवार)

खडूचीभुकटी

नमस्कार मंडळी. मागे एका चर्चेत "बालवर्गात आठवडाभर करता तरी काय?" या प्रश्नाला मी दोन ओळींत उत्तर देऊन पळाले होते. तिघाचौघांनी "नीट लिही" म्हणून दटावलं. तर हे घ्या. लांबलंय, चहाच्या कपाइतका वेळ काढून वाचा.

माझा वर्ग साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांचा. मुलं २२, सोबत एक मदतनीस ताई. पूर्वी मी आठवड्याचे पाच दिवस पाच विषयांना वाटून द्यायचे. सोमवारी रंग, मंगळवारी प्राणी, बुधवारी वाहनं वगैरे. नियोजनाची वही बघायला फार सुंदर दिसायची. मग एका शुक्रवारी सहज विचारलं, "या आठवड्यात आपण काय काय केलं?" एकजण म्हणाला, "चिकटवलं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. खोटं नव्हतं. विषय पाच असले तरी कृती एकच होती, मी कापून दिलेलं त्यांनी चिकटवायचं.

तेव्हापासून आठवड्याला एकच गोष्ट, तीही शक्यतो विकत आणावी न लागणारी. या वेळी सावली.

सोमवार. वहीत लिहिलं होतं, 'सावलीची ओळख, १५ मिनिटं'. बाहेर फरशीवर खडू दिले आणि जोड्या पाडल्या. एकानं उभं राहायचं, दुसऱ्यानं त्याच्या सावलीची कड गिरवायची. सोपं वाटतं ना? उभा असलेला "बघू बघू" करत वाकतो, की सावलीही वाकते. गिरवणारा पुढे सरकतो, की त्याचीच सावली मध्ये येते. एकानं दुसऱ्याला चक्क खडसावलं, "तू बाजूला हो, तुझी सावली माझ्यावर सांडतेय!" १५ मिनिटांची ५० झाली. मी गाण्याचा तास सोडून दिला.

इथे एक काम मात्र मी आग्रहानं करून घेतलं. आधी पावलांची कड गिरवायची, मग सावलीची. कारण खरी गंमत सुट्टीनंतर होती. पुन्हा त्याच पावलांवर पाय ठेवून उभं केलं, तर सावली खडूच्या रेघेत मावेना! बाजूला सरकलेली आणि आखूड झालेली. जे काय कल्लोळ झाला म्हणता. "माझं डोकं कुणीतरी पुसलं." "हिनं चुकीचं काढलं." "सावली दमली." एक मुलगी (तिला आपण प्रश्नवाली म्हणू) म्हणाली, "सूर्य तिकडे गेला म्हणून." त्यावर एक टोपीवाला पोरगा लगेच, "सूर्याला पाय नाहीत." यावर प्रश्नवालीकडे उत्तर नव्हतं. माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं, गिळलं. वाद तसाच अर्धवट ठेवून घरी पाठवलं.

मंगळवार. ढग. सकाळपासून एक किरण नाही. माझं नियोजन होतं सावल्या मोजायचं. मग गडबडीत कपाटातले काळे कागद काढले आणि 'वस्तू आणि तिची सावली जुळवा' असला प्रकार घेतला. थोडक्यात, पुन्हा चिकटवलं. अर्धा वर्ग टेबलाखाली. त्यातून टोपीवाल्यानं आवाज दिला, "बाई, सावल्या सगळ्या इथे येऊन बसल्यात!" मी कातरी गोळा करत होते. म्हटलं, "ती सावली नाही, तो अंधार आहे. बाहेर ये."

रात्री भांडी घासताना डोक्यात लख्ख पडलं की पोरगं बरोबर होतं. टेबलाखालचा अंधार ही टेबलाची सावलीच की! एवढंच काय, रात्र म्हणजे तरी काय, आपण पृथ्वीच्याच सावलीत असतो. आठवड्यातलं सगळ्यात भारी वाक्य आलं आणि मी त्याला कातरी मोजता मोजता खोडून टाकलं. बुधवारी गोलात बसल्यावर आधी त्याला सांगितलं, "काल तू म्हणालास ते खरं होतं, माझं चुकलं." त्यानं फक्त "हो" म्हटलं. तो कधीच पुढे गेला होता, अडकले होते मी.

बुधवार. पडदे ओढले (पूर्ण काळोख नाही, दोन मुलं घाबरतात), एक पांढरी चादर ताणली, दोन टॉर्च ठेवले. टोपलीत कंगवा, चाळणी, काचेचा पेला, प्लॅस्टिकची बाटली, कात्री, रंगीत पारदर्शक कागद. सूचना एकच, टॉर्च कुणाच्या डोळ्यांवर मारायचा नाही. बाकी मी खाली बसून फक्त लिहीत होते. पहिल्या दहा मिनिटांत मुक्काबाजी, मग आपोआप रांग. कंगवा टॉर्चजवळ नेला की चादरीवर त्याचं कुंपण होतं, हे एकाला सापडलं आणि मग प्रत्येकाला आपापलं सापडायलाच हवं होतं. दुसऱ्याचं बघून चालत नाही या वयात. लाल कागदाची सावली लाल पडली, त्यावर ही सावली आहे की नाही असा वाद. एकजण चादरीच्या मागे जाऊन सावलीची पाठ शोधून आला. दोन्ही टॉर्च एकदम लावल्यावर एका हाताच्या दोन सावल्या! आणि दोन्ही एकमेकींवर येतात तिथला भाग जास्त काळा, हे टोपीवाल्यानंच दाखवलं.

गुरुवार. ऊन. मोजामोजी झाली, पण पट्टीनं नाही. टाचेला बोट जोडत पावलं टाकायची. एका मुलाच्या सावलीवरून तो चालला, नऊ पावलं. मी चालले, सहा. ताई चालल्या, सहा आणि थोडं. "मग सावली केवढी आहे?" असं विचारल्यावर बहुमत नऊकडे, कारण "नऊ जास्त आहेत". प्रश्नवालीचं म्हणणं, बाईंचे पाय मोठे म्हणून बाईंचं खरं. ताईंनी तोडगा काढला, एकच चप्पल घ्या आणि सगळ्यांच्या सावल्या तिनंच मोजा. कुणाची चप्पल, यावर पुढची वीस मिनिटं गेली. ती वीस मिनिटं मला अजिबात वाया वाटत नाहीत.

शुक्रवार. वहीत रिकामा ठेवला होता, मुद्दाम. सगळं सामान बाहेर मांडून ठेवलं. काहीजण सावलीवर पाय दिला की राज्य, अशी शिवाशिवी खेळले. काहींनी चित्रं काढली. बहुतेक सावल्यांना डोळे होते. मी दुरुस्त केलं नाही. ज्यानं त्यानं आपल्या चित्राबद्दल जे सांगितलं ते खाली त्याच शब्दांत लिहून दिलं. एक वाक्य देते, "मी पळतो तेव्हा माझी सावली माझ्याआधी पोचते."

कार्यालयातून विचारणा झाली, या आठवड्याचं फाइलला लावायला काय? मी ही वाक्यंच लावली. "स्वाध्याय कुठे आहेत?" असं पुढचं पत्र अजून यायचंय.

आता तुमच्याकडून हवं ते: ढगाळ दिवसाचं काय करावं, आणि तुमच्याकडे असा आठवडा काढणारं कुणी असेल तर काय चुकतंय ते सांगा.

---

निवांत_नाही

काय सुंदर लिहिलंयस गं! टेबलाखालच्या सावल्या वाचून अंगावर काटा आला. माझी लेक साडेतीन वर्षांची. रात्री भिंतीवरची स्वतःची सावली बघून रडते. आता टॉर्च देऊन बघते तिच्याच हातात.

---

मोजपट्टी

मी शिक्षक नाही, भौतिकशास्त्रावर पोट भरतो, त्यामुळे वर्गाबद्दल बोलायचा अधिकार नाही. सावलीबद्दल दोन गोष्टी सांगतो, पुढच्या वेळी उपयोगी पडतील.

सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो तेव्हा सावली बरोबर उंचीएवढी. ३० अंशांवर असताना उंचीच्या १.७३ पट. म्हणजे एक मीटर उंचीच्या मुलाची सावली १७३ सेंटिमीटर, चांगल्या मोठ्या माणसाएवढी! ती वेळ साधून एखाद्या मुलाच्या सावलीशेजारी ताईंना झोपवा, बघा काय होतं. आकाशात सूर्य तासाला १५ अंश सरकताना दिसतो, त्यामुळे फरक दिसायला पाऊण तास खूप झाला. सकाळी लांबी भराभर घटते. भर दुपारी प्रयोग केलात तर लांबीत फारसा फरक पडणार नाही आणि मुलं म्हणतील काही झालंच नाही.

दुसरं म्हणजे गिरवताना पायाजवळची कड स्वच्छ मिळते आणि डोक्याकडे रेघ नेमकी कुठे मारायची तेच कळत नाही. हा मुलांच्या हाताचा दोष नाही. सूर्य ठिपका नाही, तबकडी आहे. आपल्याला ती साधारण अर्ध्या अंशाची दिसते. म्हणून सावली टाकणारी गोष्ट जमिनीपासून जितकी दूर, तितकी तिची कड पुसट. वर दिलेल्या उदाहरणात डोक्याची कड जवळजवळ चार सेंटिमीटर पसरलेली असेल.

अवांतर: कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्यांना वर्षातले दोन दिवस शून्य सावली मिळते. सूर्य बरोबर डोक्यावर, सावली पायाखाली. शाळेला सुट्टी नसेल तर दवडू नका.

आणि "सूर्य कुठे गेला बघा" असं म्हणताना सांभाळा. मुलं खरंच वर बघतात. सूर्याकडे थेट बघायचं नाही हा नियम टॉर्चच्या नियमाआधी.

---

खडूचीभुकटी

@मोजपट्टी, अहो, सोमवारी एकीनं मला विचारलं होतं, "माझं डोकं पुसट का येतंय?" आणि मी तिला म्हटलं होतं, "नीट उभी राहा." आता हिचीही माफी मागणं आलं. या आठवड्यात माफ्यांचाच हिशेब फार झालाय. सूर्याकडे न बघण्याचं सोमवारी पहिल्यांदा सांगितलं होतं, इथे लिहायचं राहिलं.

---

शिस्तप्रिय

लेखन छान आहे, पण सगळे कौतुक करतायत म्हणून एक विरोधी सूर लावतो. राग नसावा.

माझा मुलगा पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. त्याच्या बालवर्गातही असंच 'खेळातून' चालतं. घरी येतो, अंगभर खडू. त्याला 'क' काढता येत नाही. शेजारच्या मुलाला पूर्ण बाराखडी येते. आठवडाभर सावली मोजून झाल्यावर त्या २२ मुलांना अक्षर किती आली आणि अंक किती आले, हा साधा प्रश्न आहे. शुक्रवार रिकामा ठेवला हे तर तुम्ही अभिमानानं सांगताय. आम्ही नोकरीत शुक्रवार रिकामा ठेवला तर चालेल का?

---

कानामात्रा

@शिस्तप्रिय, तुमची काळजी खोटी नाही, पण खडूकडे जरा वेगळ्या नजरेनं बघू या का? मी पहिली-दुसरीला भाषा शिकवते, म्हणजे तुमचं पोरगं माझ्यासारखीच्याच हाती येणार.

पेन्सिल धरायची पकड वयाप्रमाणे बदलते. आधी पूर्ण मुठीत, मग बोटं खाली वळवून, साधारण साडेतीन-चारच्या पुढे तीन बोटांत, आणि त्या तीन बोटांची स्वतंत्र बारीक हालचाल साडेचार ते सहाच्या दरम्यान केव्हातरी. त्याआधी चार रेघांच्या वहीत 'क' काढायला लावलं की मूल सगळा हात खांद्यापासून फिरवतं, बोटं घट्ट आवळतं आणि पाच मिनिटांत "हात दुखतो" म्हणतं. माझ्याकडे पहिलीत अशी मुलं येतात. अक्षर येतं, पण पकड इतकी बिघडलेली की दुसरीपर्यंतचा वेळ ती सोडवण्यात जातो. फरशीवर ओणवं होऊन एक मीटरची कड गिरवणं हे खांद्याचं, कोपराचं, मनगटाचं कामच आहे. 'क'चा पोटगोळा तिथूनच येतो.

आता भाषेचं. तिनं मुलांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत लिहून दिली, हे मला सगळ्यात मोलाचं वाटलं. आपण बोललो ते कागदावर राहतं आणि उद्याही तेच वाचलं जातं, हे ज्याला कळलं त्याला वाचायचं कारण मिळालं. बाराखडी पाठ असलेल्या कित्येकांना ते कळलेलं नसतं. त्यांना 'क का कि की' गाण्यासारखं येतं. मधलाच 'कि' विचारला की पहिल्यापासून सुरू.

अक्षरं घ्यायचीच असतील तर याच आठवड्यात घेता येतात. 'सावली'ला टाळ्या वाजवा, सा-व-ली, तीन. 'ऊन'ला दोन. 'सा'नं सुरू होणारं आणखी काय? आमच्याकडे 'क ख ग घ' या क्रमानं न जाता ज्यांचे आकार काढायला सोपे आणि ज्यांचे शब्द पटकन होतात अशी अक्षरं आधी घेतो. 'व' आला की गोल आणि दांडी हाताला बसते, त्याच्यापासून 'ब' आणि 'क' फार लांब नाहीत.

आणि @खडूचीभुकटी, टोपीवाल्याच्या वाक्याबद्दल एक. आपल्या भाषेत "सावलीत बस" आणि "माझी सावली" याला शब्द एकच. झाडाखालची गार जागा आणि फरशीवरचा काळा आकार, दोन्ही सावली. आकारासाठी 'पडछाया' आहे, पण ती पुस्तकात राहते. तेव्हा टेबलाखाली सावल्या येऊन बसल्यात हे त्याला भाषेनंच सुचवलं असणार.

---

शिस्तप्रिय

@कानामात्रा ताई, पकडीचं माहीत नव्हतं. तरीही सरावाशिवाय काही येत नाही या मतावर मी ठाम आहे. रोज दहा मिनिटं अक्षरं घेतली तर काय बिघडतं?

---

खडूचीभुकटी

काहीच बिघडत नाही, आणि मी घेतेही. मूळ लेखात लिहिलं नाही कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. रोज गोष्टीनंतर दहा-बारा मिनिटं, वाळूच्या ताटात बोटानं, नाहीतर खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवून. ही खरखरीत अक्षरं मॉन्टेसरीबाईंची. १९०७ साली रोममध्ये त्यांनी पहिलं बालगृह, म्हणजे बालशाळाच, काढलं, तेव्हापासून जगभर कुणीतरी ती कापत बसलेलं आहे. माझ्या बोटांची सालं निघालीत त्यात. वय पाचच्या जवळची सहा-सात मुलं पेन्सिलही घेतात. बाकीच्यांना घाई नाही.

रिकाम्या शुक्रवारबद्दल मात्र माघार नाही. सोमवार ते गुरुवार जे सुचलं ते माझं होतं. मुलांनी त्यातलं काय उचललं हे बघायला मला एक दिवस लागतो. तुमच्या नोकरीत त्याला 'आढावा' म्हणत असतील.

---

शिस्तप्रिय

हा हा. आढाव्याला आमच्याकडे तीन दिवस लागतात.

---

दोनाचेचार

गुरुवारच्या मोजणीबद्दल कुणी बोललंच नाही! गेल्मन आणि गॅलिस्टेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्याची पाच तत्त्वं मांडली. एका वस्तूला एकच अंक, अंकांचा क्रम कायम, शेवटी म्हटलेला अंक म्हणजे एकूण संख्या, वस्तू कुठलीही चालते, आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच. आपण मोठी माणसं "एक ते शंभर येतात का?" विचारतो ते यातल्या फक्त दुसऱ्याबद्दल असतं. पावलं मोजताना पहिलं आणि तिसरं एकदम तपासलं जातं. पाऊल टाकायच्या आधीच तोंडातून अंक निसटतो का, आणि "मग किती झाली?" विचारल्यावर मूल पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं का, तेवढं बघा. पुन्हा मोजायला लागलं तर तिसरं तत्त्व अजून बसायचंय. यात चूक-बरोबर काही नाही, फक्त कुठवर आलंय ते कळतं.

मराठीत आणखी एक काटा आहे. वीसच्या पुढे एकक आधी बोलतो, 'एक-वीस', आणि लिहितो मात्र दशक आधी. म्हणून २१ ऐकून १२ लिहिणारं मूल गोंधळलेलं नसतं, उलट जे ऐकलं ते इमानदारीनं लिहीत असतं. आणि 'एकोणतीस'! अठ्ठावीसनंतर मुलं 'नऊवीस' म्हणतात तेव्हा मला तर त्यांना शाबासकी द्यावीशी वाटते. नियम त्यांनी शोधला, भाषेनं मोडला. बालवर्गात वीसच्या आत राहावं आणि तेवढ्यातच खूप खेळावं असं माझं मत. एकोणीसचा खड्डा तिथेही आहेच.

---

जुनीपाटी

एकोणतीस वर्षं (हो, तेच!) बालवर्गात काढून निवृत्त झाले. बाई, तुमचं लिखाण आवडलं म्हणून टोकते.

एक. २२ मुलं आणि दोन मोठी माणसं हे सुख सगळ्यांच्या नशिबी नाही. माझ्याकडे ४० होती आणि मी एकटी. तिथे टॉर्चचा बुधवार सगळ्यांना एकदम द्यायचा नसतो. सहाजण चादरीपाशी, बाकीचे ठोकळे, भातुकली, वाळू अशा ओळखीच्या कामांत, जिथे तुमची गरज लागत नाही. चादर चार दिवस तिथेच राहू द्यायची. तुमची पहिल्या दहा मिनिटांची मुक्काबाजी ही मुलांची नव्हे, मांडणीची चूक.

दोन. सोमवारी सुरू आणि शुक्रवारी खलास, हे मोठ्यांचं कॅलेंडर. मुलांची सावली अजून संपलेली नाही. तुमच्याच लेखात तीन प्रश्न उघडे आहेत. सूर्याला पाय नाहीत तर सावली सरकली कशी, लाल कागदाची ती सावली का, आणि चप्पल कुणाची. हे टाकून पुढच्या सोमवारी तुम्ही 'पाणी' काढणार ना? मी आठवडा असा मोजतच नसे. एकदा डब्यांच्या झाकणांवर पाच आठवडे काढले. एकदा 'पाऊस' दोन दिवसांत गुंडाळला, कारण मुलांना त्यात काडीचा रस नव्हता, मलाच होता.

तीन. ढगाळ दिवशी कागद कापायला लावण्यापेक्षा मुलांना बाहेर नेऊन "सावल्या शोधा" म्हणायचं. सापडतात! अगदी फिक्या, कडा नसलेल्या, भिंतीच्या बुडाशी, गाडीखाली, तुमच्या टेबलाखाली तशा. तुमच्या टोपीवाल्यानं तोच तास घेतला होता, तुम्ही बंद केलात. पियाजे या मानसशास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात मुलांना सावलीबद्दल असंच खोदून विचारलं होतं. लहान मुलं सावलीला वस्तूच समजत, कुठूनतरी येणारी, कुठेतरी जाणारी. "सावल्या येऊन बसल्यात" हे थेट त्यातलं. हे 'चूक' म्हणून खोडायचं नसतं आणि 'बरोबर' म्हणून शिक्काही मारायचा नसतो. तुम्ही बुधवारी "तुझं खरं होतं" म्हणालात, मी असते तर म्हटलं असतं, "चल, पुन्हा टेबलाखाली जाऊ, टॉर्च घे."

---

खडूचीभुकटी

@जुनीपाटी बाई, दोन्ही कान पकडले. टॉर्च घेऊन टेबलाखाली जायचं सुचलंच नाही, मी आपली माफी मागून मोकळी झाले. आणि हो, 'पाणी'च काढणार होते. वहीत लिहूनही झालंय.

---

निवांत_नाही

जुनीपाटी मॅडम आहेत तर विचारून घेते. माझ्या लेकीच्या बाई म्हणतात, ती कशातच भाग घेत नाही, नुसती उभी राहून बघते. अशा आठवड्यात अशा मुलांचं काय?

---

जुनीपाटी

बघू द्या. मिल्ड्रेड पार्टेन नावाच्या बाईंनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचं वर्गीकरण छापलं. एकट्यानं, शेजारी शेजारी, मिळून असे प्रकार, आणि त्यात बघ्याचाही एक वेगळा प्रकार धरलाय. बघणारं मूल रिकामं नसतं. ती कुठे उभी राहते ते बघा. रोज त्याच खेळाजवळ उभी राहत असेल तर तिनं निवडलंय. तिथे तिच्या हाताला लागेल असं एखादं सामान ठेवायचं आणि निघून जायचं. "तू पण कर ना" म्हटलंत की पंधरा दिवस मागे. मात्र तिला बोलावल्यावर वळून बघते का, घरी त्या खेळाबद्दल बोलते का, हेही लक्षात ठेवा. दोन्ही नसेल तर कान तपासून घ्या, लाजू नका.

---

निवांत_नाही

घरी तर तोंड बंद नसतं. कोण कुणाशी भांडलं, कुणाची पेन्सिल कुणी घेतली, सगळं. मग ठीक म्हणायचं. आभार!

---

हातांनी_बघते

सगळं वाचलं. लिहू की नको करत होते. माझ्या मुलाला दिसत नाही. तो अशाच एका साध्या वर्गात जातो, बाई चांगल्या आहेत. असा सावलीचा आठवडा त्याच्या वर्गात झाला तर तो पाच दिवस काय करेल, एवढंच मनात येत राहिलं. तक्रार नाही, खरंच विचारतेय.

---

खडूचीभुकटी

तुमचा प्रतिसाद सकाळपासून चार वेळा वाचला. माझ्या वहीत याचं उत्तर नाही. माझ्या वर्गात असं मूल नाही म्हणून विचारही केला नव्हता. कुणाला सुचत असेल तर लिहा.

---

मोजपट्टी

सावली म्हणजे उजेड अडणं, पण उजेडाबरोबर ऊबही अडते. उन्हात हात आणि सावलीत हात यातला फरक डोळे मिटूनही कळतो. खांबाची सावली फरशीवर पडली असेल तर तळव्यानं चाचपत तिची कड शोधता येईल. त्यासाठी फरशी काही वेळ उन्हात तापलेली हवी, आणि सावली सरकते म्हणून कडेशी थोडा गोंधळ होईल. ज्या बाजूनं सावली नुकतीच हटली तिथे फरशी अजून गार, आणि जिथे नुकतीच आली तिथे अजून कोमट. म्हणजे खरं तर सावली कुठून कुठे चाललीय हे हाताला कळेल, जे डोळ्यांना एका नजरेत कळत नाही. दगडी फरशी घ्या. पातळ पत्रा लगेच तापतो, लगेच निवतो आणि चटका बसायची भीती.

---

कानामात्रा

आणि खडूच्या जागी जाड सुतळी, चिकटपट्टीनं टोकं बसवलेली. मग रेघ सगळ्यांनाच हातानं लागेल. मोजायला चप्पल आहेच, ती तर हातानंच ठेवायची.

---

हातांनी_बघते

फरशीचं त्याच्याबरोबर उद्या करून बघते.

---

खडूचीभुकटी

मीही आज केलं. 'पाणी' पुढे ढकललं (जुनीपाटी बाई, वाचताय ना). सकाळी साडेआठला फरशीवर फरक कळेना, सगळीच गार. सव्वादहाला स्पष्ट. सगळ्यांना डोळे मिटून खांबाच्या सावलीची कड शोधायला सांगितली, अर्थात निम्म्यांनी फटीतून बघितलं. सापडली तिथे सुतळी लावली. डोळे उघडल्यावर सुतळी आणि सावली यांत चार बोटांचं अंतर! मला वाटलं चुकली. प्रश्नवालीनं सुतळी आणि सावली यांच्या मधल्या पट्टीवर हात फिरवला आणि म्हणाली, "इथे मघाशी होती."

@हातांनी_बघते, तुमच्याकडे काय झालं ते सवडीनं लिहा. सुतळी जाडच घ्या, बारीक दोरा पायाला अडकून दोनदा निघाला. आणि @जुनीपाटी, झाकणांचे पाच आठवडे वेगळ्या धाग्यात येऊ द्यात, वाट बघतेय.